शिमला ऑफिस, एकदाचं आतून

बसचा कंडक्टर "शिमला ऑफिस!" असं ओरडायचा तेव्हा लहानपणी मला वाटायचं, आत शिमल्याची तिकिटं मिळत असावीत. पुण्यात जन्म काढूनही त्या दगडी इमारतीच्या आत मी पाऊल टाकलं ते थेट गेल्या २३ मार्चला. जागतिक हवामान दिन असल्यामुळे हवामान खात्याची ही वेधशाळा लोकांना खुली होती. सोबत दहा वर्षांची भाची.

"मावशी, हे ऑफिस शिमल्याला का नाही?"

होतं की! हवामान खातं १८७५चं, मुख्यालय आधी कलकत्त्याला. १९०५ साली ते शिमल्याला गेलं आणि १९२८ साली पुण्यात, या इमारतीत आलं. शिमल्याहून आलेलं म्हणून शिमला ऑफिस. १९४४ साली मुख्यालय दिल्लीला हललं, पण पुणेकरांनी नाव काही सोडलं नाही. आपल्याकडे नावं अशीच चिकटतात.

मनोऱ्याचे फोटो सगळेच काढतात. तुम्ही आधी उपकरणांकडे जा. पांढरी लाकडी पेटी, चारही बाजूंना झडपा, आत चार तापमापक. एकाच्या फुग्याला ओलं मलमल गुंडाळलेलं; त्यावरून दमटपणा कळतो. पेटीचं दार मुद्दाम उत्तरेकडे, म्हणजे वाचताना ऊन आत शिरत नाही. पेपरात 'शिवाजीनगर' म्हणून जे तापमान छापून येतं, ते इथलं. पर्जन्यमापक म्हणजे जेमतेम नरसाळं आणि खाली बाटली. पाऊस सकाळी साडेआठला मोजतात, त्यामुळे पेपरातला 'चोवीस तासांतला पाऊस' हा साडेआठ ते साडेआठचा. इतकी वर्षं मी तो मध्यरात्रीपासूनचा धरत होते!

भाची मात्र काचेच्या गोळ्यापाशी अडकली. ऊन त्या गोळ्यातून एकवटून मागच्या कार्डावर पडतं आणि ते जाळत जातं. जळालेल्या रेघेची लांबी म्हणजे दिवसभरातलं ऊन. ढग आला की रेघ तुटते. ना वीज, ना बॅटरी.

अशी उपकरणं एके काळी परदेशातून यायची. ती इथेच बनावीत म्हणून झटलेल्या हवामानशास्त्रज्ञ ॲना मणी १९४८ साली याच पुण्याच्या कचेरीत रुजू झाल्या. भाचीला हे सांगितलं, तर "त्यांचा फोटो कुठंय?" म्हणून तिने मला तीन खोल्या फिरवलं.

जाणाऱ्यांसाठी: एरवी इमारत रस्त्यावरूनच बघायची, ते चालू सरकारी कार्यालय आहे. हवामान दिनाच्या वेळा दरवर्षी पेपरात येतात, त्या बघूनच निघा. मेट्रोने शिवाजीनगरला उतरून चालत किंवा रिक्षाने जा. मी स्कूटर नेली आणि ती लावायला जागा शोधण्यात वीस मिनिटं घालवली. ओळखपत्र, टोपी, पाणी जवळ असू द्या. शाळांच्या सहली यायच्या आत, सकाळीच पोचा, म्हणजे तिथली माणसं निवांत बोलतात. अंदाज चुकल्याचा विनोद तेवढा करू नका. त्यांनी तो आपल्या जन्माआधीपासून ऐकलेला असतो. मी केला. समोरचे काका नुसते हसले आणि भाचीला म्हणाले, "चल, तुला वारा मोजून दाखवतो."