आधी हवा बाहेर, मग ऊब

मॅसॅच्युसेट्समध्ये भाडेकरूला दिवसा ६८ आणि रात्री ६४ अंश फॅरनहाइट ऊब देणं घरमालकाला कायद्याने बंधनकारक आहे. म्हणजे आपले साधारण २० आणि १८ सेल्सिअस. आम्ही वुस्टरमध्ये शंभरी गाठलेलं घर विकत घेतलं आणि तो हक्क गेला. आता घरमालकही आम्हीच, कुडकुडणारेही आम्हीच.

तळघरात तेलावरचा वाफेचा बॉयलर आहे. थर्मोस्टॅट वाढवला की खाली बर्नर भक्कन पेटतो. मग बराच वेळ काहीच नाही. पाणी उकळणार, वाफ वर चढणार, ओतीव लोखंडाचे रेडिएटर तापणार. तोवर दुसरा चहा होतो. नव्या वसाहतीतले मित्र आमच्याकडे आले की जॅकेट काढत नाहीत.

यंदा मागच्या खोलीतला रेडिएटर अर्धाच तापायला लागला. एका कंपनीने तळघरात न उतरताच 'बॉयलर बदला' म्हणून सांगितलं. भाव ऐकूनच घाम फुटला. मग एक म्हातारा मेकॅनिक आला. त्याने रेडिएटरच्या कडेच्या छोट्या व्हेंटवर टिचकी मारली. पाइपात आधी हवा भरलेली असते, ती निघाल्याशिवाय वाफ पुढे सरकतच नाही. व्हेंट हवा सोडतो आणि वाफ पोचली की मिटतो. आमच्या व्हेंटवर पूर्वी कुणीतरी रंग फासून भोक बुजवलेलं! त्याने नवा बसवला. रेडिएटरखाली पाचर सारून तो व्हॉल्व्हकडे जरा कलता केला, कारण वाफ ज्या पाइपातून वर जाते त्यातूनच तिचं पाणी खाली उतरतं; ते तुंबलं की मध्यरात्री पाइप ठणाठणा वाजतो. दाब वाढवू का, विचारलं तर हसला. घराला चौरस इंचाला दोन पौंडांच्या आतला दाब पुरतो म्हणे. पैसे घेतले ते फक्त व्हेंटचे आणि तासाभराचे.

हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणणारं विजेवरचं यंत्र, लावा, मास सेव्ह या राज्यातल्या ऊर्जाबचत योजनेची सवलत मिळते, असं सगळे सांगतात. तेल जाळतोय हे मान्य. पण बर्नर थांबल्यावरही लोखंड कितीतरी वेळ ऊबदार राहतं, आणि अंगावर कोरडा वारा येत नाही. शिवाय साताऱ्यात बंबाच्या पाण्यावर वाढलेल्याला एवढी घाई कशाची?

दर रविवारी बॉयलरच्या कटऑफमधलं (पाणी कमी झालं की बर्नर बंद करणारा भाग) गढूळ पाणी बादलीत सोडतो आणि काचेच्या नळीतली पाण्याची पातळी बघतो. पुण्याहून आलेला मेव्हणा म्हणाला, "हे करायला अमेरिकेत आलात?" त्यालाच बादली धरायला लावली.