दोराक हात लाव

मे महिन्यात गावी गेलेलो, मालवणजवळ आमचं घर आहे, किनाऱ्यापासून पाच मिनिटांवर. सकाळी चहा घेऊन उगाच वाळूत फिरत होतो तर रापण ओढणं चालू होतं. मी मोबाईल काढून व्हिडिओ घेतोय तेवढ्यात एक म्हातारे काका ओरडले, "उभो काय रवलंस रे? दोराक हात लाव!" लावला मग. अर्ध्या तासात तळहात सोलून निघाले, पुण्याच्या ऑफिसातले हात आमचे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, रापण म्हणजे लांबलचक जाळं, दोराचं एक टोक किनाऱ्यावर धरून ठेवायचं, होडी जाळं सोडत अर्धगोल फिरून दुसरं टोक लांब किनाऱ्याला आणते आणि मग दोन्हीकडून माणसं ओढतात, दोन-तीन तास. हे एकट्यादुकट्याचं कामच नाही. जाळं अनेकांच्या मालकीचं, होडीचा वाटा वेगळा, जाळ्याचा वेगळा, आणि ओढणाऱ्याला काही ना काही मिळतंच. एका किनाऱ्यावर दोन रापणी असल्या तर पाळी ठरलेली, आज तुमची उद्या आमची. लिहिलेलं काहीही नाही. भांडणं होतात, भरपूर होतात, शिव्या तर विचारू नका, पण दुसऱ्या दिवशी त्याच दोराला त्याच माणसासोबत उभं राहायचं असतं म्हणून फार ताणत नाहीत.

गोची अशी की हा हिशोब एकमेकांची तोंडं बघणाऱ्यांपुरता चालतो. पर्ससीनवाला, म्हणजे झुंडीभोवती मोठं जाळं टाकून ते खालून आवळणारी यांत्रिक बोट, रात्री येऊन बांगड्याची अख्खी झुंड उचलून जातो, त्याच्याशी कसली पाळी लावणार? गोव्यात सत्तरच्या दशकात रापणकार याच कारणासाठी रस्त्यावर उतरले, त्यांचे नेते माथानी साल्ढाणा त्यांच्यासोबत होते, मग तिथे १९८० साली आणि आपल्याकडे १९८१ साली सागरी मासेमारीचे कायदे आले. २०१६ मध्ये महाराष्ट्राने पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच मुदत दिली, २०१७ मध्ये केंद्राने एलईडीच्या उजेडाने मासे खेचून पकडण्यावर बंदी आणली. कागदावर सगळं आहे हो, समुद्रात गस्त कोण घालणार हा प्रश्न आहे. मला तरी वाटतं की रापणकारांना गस्तीत आणि परवान्यांच्या निर्णयात सोबत घेतलं असतं तर निम्मं काम फुकटात झालं असतं, कारण कोणती बोट कुठे घुसली हे त्यांना घरबसल्या कळतं.

असो. त्या दिवशी जाळं वर आलं तेव्हा त्यात जेलीफिश, दोन प्लास्टिकच्या गोणी आणि थोडे तारले. एवढंच. मला वाटलं आता वाटणार काय डोंबल. पण काकांनी वाळूवर ढीग घातले, बारीक बारीक, बाजूला नुसती बसलेली एक आजी होती तिच्या पाटीतही मूठभर टाकले. माझ्या वाट्याला आले पाच तारले. "घरी जा नि तिकला कर," म्हणाले, म्हणजे माशांचं तिखट कालवण, "उद्या येतलंस मा?"