विंडोजवरचा एक्स सर्व्हर: खिडकी उघडत नाही तेव्हा

दूरच्या लिनक्स संगणकावर चालणारा प्रोग्राम आपल्या विंडोज लॅपटॉपवर खिडकीसह दिसावा म्हणून एक्स सर्व्हर वापरणारे लोक आजही पुष्कळ आहेत. आलेख काढणारे संशोधक, चिपची रचना करणारे अभियंते, हवामानाची किंवा भूकंपाची आकडेमोड करणारे विद्यार्थी, अशा सगळ्यांना केव्हा ना केव्हा 'कान्ट ओपन डिस्प्ले' हा संदेश भेटतोच. मी स्वतः रोज सिग्विन-एक्स (विंडोजवर लिनक्ससारखे वातावरण देणाऱ्या सिग्विनमधला एक्स सर्व्हर) वापरतो आणि ओळखीच्यांच्या यंत्रांवरही त्याच्या अडचणी सोडवून देतो. अशा वेळी 'आधी फायरवॉल बंद कर, मग परवानगीची तपासणी बंद कर' हा सल्ला इतक्या सहजपणे दिला जातो की त्याविरुद्ध सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. जोडणी ज्या वाटेने जाते ती वाट टप्प्याटप्प्याने तपासली, तर बिघाड नेमका कुठे आहे हे जवळजवळ प्रत्येक वेळी कळते आणि एकही कुलूप उघडे टाकावे लागत नाही.

एक्स विंडो सिस्टिमचा जन्म १९८४ साली एमआयटीच्या अथेना प्रकल्पात झाला आणि आज आपण वापरतो ती तिची अकरावी आवृत्ती १९८७ सालची आहे. तिच्या रचनेत स्क्रीन, कीबोर्ड आणि माऊस ज्याच्या ताब्यात असतात तो प्रोग्राम सर्व्हर ठरतो. म्हणजे सर्व्हर तुमच्या टेबलावरच्या लॅपटॉपवर असतो आणि दूरच्या खोलीतल्या मोठ्या यंत्रावरचा आलेखाचा प्रोग्राम त्याचा क्लायंट असतो. क्लायंटला सर्व्हर कुठे आहे हे 'डिस्प्ले' नावाच्या चलातून कळते. त्यात अपूर्णविराम आणि पुढे शून्य एवढेच असेल, तर जोडणी स्थानिक सॉकेटमधून, म्हणजे त्याच यंत्रावरच्या प्रोग्रामांना जोडणाऱ्या वाटेने होते. अपूर्णविरामाच्या आधी यंत्राचे नाव किंवा आयपी पत्ता असेल, तर ती टीसीपीवरून (जाळ्यावरच्या नेहमीच्या जोडणीने) होते आणि पोर्टचा, म्हणजे त्या जोडणीच्या दाराचा, क्रमांक ६००० अधिक डिस्प्लेचा क्रमांक एवढा असतो. पुढचा सगळा शोध या दोन गोष्टींवर उभा आहे.

पहिली तपासणी विंडोजवरच करावी. एक्स सर्व्हर खरोखर चालू आहे की सुरू होता होताच कोसळला, हे त्याच्या नोंदींच्या फाइलीत स्पष्ट लिहिलेले असते. सिग्विनमध्ये ही फाइल नेहमीच्या लॉगच्या फोल्डरात 'एक्सविन' नावाच्या उपफोल्डरात मिळते. तिच्यातल्या ज्या ओळींच्या सुरुवातीला कंसात दोनदा 'ई' लिहिलेले असते, त्या चुकांच्या ओळी होत. 'फिक्स्ड' नावाचा मूळ फाँट उघडता आला नाही असे लिहिले असेल, तर फाँटचे पॅकेज अर्धवट बसलेले आहे. शून्य क्रमांकाच्या डिस्प्लेवर सर्व्हर आधीच चालू असल्याची तक्रार असेल, तर एक तर दुसरा सर्व्हर खरोखर चालू आहे किंवा मागच्या खेपेला लॅपटॉप अचानक बंद झाल्याने कुलपाची फाइल तात्पुरत्या फोल्डरात मागे राहिली आहे. दुसरा सर्व्हर चालू नाही याची खात्री करूनच ती पुसावी.

सर्व्हर चालू आहे हे दिसल्यावर सिग्विनच्याच खिडकीतून एक्सक्लॉकसारखा लहानसा प्रोग्राम लावून पाहावा. घड्याळ उघडले, तर विंडोजवरची बाजू शाबूत आहे आणि बिघाड पुढच्या वाटेवर आहे. एवढी साधी चाचणी बरेच जण गाळतात आणि चुकीच्या यंत्रावर वेळ घालवतात.

यानंतरची वाट एसएसएचची, म्हणजे दूरच्या यंत्रावर सुरक्षितपणे लॉगिन करून देणाऱ्या प्रोग्रामची; एक्सच्या खिडक्याही त्याच जोडणीतून आणता येतात आणि त्याला फॉरवर्डिंग म्हणतात. इथे एक बारीक अडचण आहे, जिच्याविषयी फारसे कोणी सांगत नाही. आताच्या विंडोजमध्ये एसएसएचचा स्वतःचा प्रोग्राम असतो आणि सिग्विनमध्ये तो वेगळ्या पॅकेजातून घ्यावा लागतो. ते पॅकेज घेतलेले नसेल, तर सिग्विनच्या खिडकीत एसएसएच लिहिल्यावर गुपचूप विंडोजचा प्रोग्राम चालतो. लॉगिन व्यवस्थित होते, आदेशही चालतात, पण खिडकी काही उघडत नाही. कारण सिग्विनचे स्थानिक सॉकेट ही सिग्विनच्या आतली सोय आहे आणि विंडोजचा प्रोग्राम तिच्यापर्यंत पोहोचू शकत नाही. त्याला टीसीपीवरून यावे लागते, तर सिग्विनचा सर्व्हर ज्यावर बेतला आहे त्या एक्स डॉट ऑर्गच्या सर्व्हरने २०१५ साली आलेल्या १.१७ या आवृत्तीपासून टीसीपीवर ऐकणे मुळातच बंद ठेवले आहे. 'विच' हा आदेश देऊन कोणता एसएसएच चालतो ते पाहावे. उत्तरात सी ड्राइव्हमधल्या सिस्टिम ३२ फोल्डराचा पत्ता आला, तर सिग्विनचे ओपनएसएसएच बसवावे, म्हणजे टीसीपी उघडण्याचा प्रश्नच उरत नाही. सोबत, एसएसएच सुरू करण्याआधी स्थानिक खिडकीत डिस्प्ले हे चल भरलेले आहे ना, हेही पाहावे. ते रिकामे असेल, तर एसएसएचला पुढे न्यायला काही हाती नसते.

आता दूरच्या यंत्रावर लॉगिन करून तिथले डिस्प्ले चल छापावे. सगळे ठीक असेल, तर 'लोकलहोस्ट', अपूर्णविराम आणि पुढे १० किंवा त्याहून मोठा आकडा दिसतो. क्रमांक १० पासून सुरू होतात ते त्या यंत्रावरच्या खऱ्या स्क्रीनशी गल्लत होऊ नये म्हणून. चल रिकामे असेल आणि लॉगिन करताना 'एक्स इलेव्हन फॉरवर्डिंग रिक्वेस्ट फेल्ड' असा संदेश आला असेल, तर दोन कारणे आधी तपासावीत: त्या यंत्राच्या एसएसएच सेवेच्या मांडणीत हे फॉरवर्डिंग बंद आहे, किंवा ओळखीची कुकी (जोडणीला परवानगी देणारी गुप्त खूण) सांभाळणारा 'एक्सऑथ' हा प्रोग्रामच तिथे बसवलेला नाही. खिडक्यांशिवाय उभारलेल्या सर्व्हरवर दुसरे कारण सर्रास आढळते. त्या यंत्रावर आयपीव्ही६ (जाळ्यावरच्या पत्त्यांची नवी पद्धत) बंद करून ठेवलेले असेल, तर त्यामुळेही फॉरवर्डिंग अडू शकते आणि मग एसएसएच सेवेला फक्त आयपीव्ही४ वापरायला सांगावे लागते.

चल भरलेले आहे, पण त्यात लोकलहोस्टऐवजी कुठला तरी जुना आयपी पत्ता किंवा नुसते शून्य आहे, असे दिसले तर बॅशची (आदेश चालवणाऱ्या शेलची) सुरुवातीची फाइल उघडावी. कोणीतरी कधीतरी तिथे डिस्प्लेची ओळ लिहून ठेवलेली असते आणि एसएसएचने भरलेली बरोबर किंमत ती प्रत्येक लॉगिनला पुसून टाकते. आणखी एक कारण जागेचे. होम फोल्डराचा कोटा भरला असेल, तर एक्सऑथला आपली फाइल लिहिता येत नाही आणि ओळखीची कुकी जपली जात नाही. लॉगिनच्या वेळी ती फाइल लिहिता येत नसल्याची एक ओळ येऊन जाते, पण स्वागताच्या लांबलचक मजकुरात ती हरवते. सुडो वापरून दुसऱ्या वापरकर्त्याच्या नावाने प्रोग्राम चालवला, तरी कुकी मागेच राहते आणि 'राँग ऑथेंटिकेशन' म्हणून जोडणी नाकारली जाते. अशा वेळी एक्सऑथच्या यादीतून आपली नोंद घेऊन त्या वापरकर्त्याच्या यादीत घालावी.

खिडक्या सुरुवातीला उघडतात आणि काही वेळाने नव्या उघडेनाशा होतात, हा प्रकार माणसाला फार छळतो. एसएसएचला मोठ्या लिपीतल्या एक्सचा (-X) पर्याय दिला, तर मूळ ओपनएसएसएचमध्ये क्लायंटला अविश्वासू मानले जाते आणि त्याच्या परवानगीची मुदत २० मिनिटांची असते. मुदत संपल्यावर नव्या जोडण्या नाकारल्या जातात. मोठ्या लिपीतल्या वायच्या (-Y) पर्यायाने क्लायंटवर पूर्ण विश्वास टाकला जातो आणि मुदतीची अट उरत नाही. डेबियन आणि उबंटूमध्ये मांडणी बदललेली असल्यामुळे तिथे दोन्ही पर्याय सारखेच वागतात, म्हणूनच 'माझ्याकडे तर चालते' हा संवाद वारंवार घडतो. दूरच्या यंत्राच्या प्रशासकावर तुमचा खरोखर विश्वास असेल, तरच मोठा वाय वापरावा, कारण एक्सच्या रचनेत एकाच डिस्प्लेवरचे क्लायंट एकमेकांपासून वेगळे राखलेले नाहीत. जोडला गेलेला कोणताही पूर्ण विश्वासाचा क्लायंट तुम्ही दुसऱ्या खिडकीत टंकलेली अक्षरे वाचू शकतो, त्यात पासवर्डही आले.

याच कारणासाठी 'एक्सहोस्ट' या परवानग्या ठरवणाऱ्या आदेशापुढे अधिकचे चिन्ह लावणे (म्हणजे कोणालाही जोडू देणे) किंवा परवानगीची तपासणी बंद करणारा पर्याय सर्व्हरला देणे मला मान्य नाही. दोन्ही उपायांनी खिडकी उघडते हे खरे, पण ते करणे म्हणजे किल्ली सापडत नाही म्हणून घराचे दारच काढून ठेवण्यासारखे आहे. कॉलेजच्या किंवा वसतिगृहाच्या वायफायवर टीसीपी उघडे असलेला असा सर्व्हर चालवला, तर शेजारच्या खोलीतल्या कोणालाही तुमचा कीबोर्ड ऐकता येऊ शकतो.

टीसीपी खरोखर लागते ते मुख्यतः डब्ल्यूएसएलच्या (विंडोजमध्येच लिनक्स चालवण्याच्या सोयीच्या) दुसऱ्या आवृत्तीत जुन्या पद्धतीने व्हीसीएक्सएसआरव्ही हा विंडोजवरचा दुसरा एक्स सर्व्हर वापरणाऱ्यांना. ही आवृत्ती स्वतंत्र आभासी यंत्रात चालते. त्यामुळे तिच्या नेहमीच्या जाळ्यात तिथला लोकलहोस्ट म्हणजे विंडोज नव्हे आणि विंडोजचा पत्ता डिस्प्लेमध्ये वेगळा द्यावा लागतो. जोडणी लगेच नाकारली गेली, तर पत्ता पोहोचला आणि तिथे ऐकणारे कोणी नाही. ती नुसतीच लटकली, तर विंडोजची फायरवॉल पाकिटे गिळते आहे. मात्र ही फायरवॉल ऐकणारे कोणी नसलेले पोर्टही असेच लपवते, म्हणून आधी विंडोजवर नेटस्टॅट (उघडी पोर्टे दाखवणारा आदेश) चालवून ६००० समोर 'लिसनिंग' दिसते का ते पाहावे. दिसत असेल, तर फायरवॉलचे आत येणाऱ्या जोडण्यांचे नियम उघडावेत. सर्व्हर पहिल्यांदा सुरू झाला तेव्हा विंडोजने परवानगी विचारलेली असते आणि घाईत 'रद्द करा' दाबले, तर त्या प्रोग्रामच्या नावाने मनाईचे नियम तयार होतात. मनाईचा नियम परवानगीच्या नियमावर मात करतो, त्यामुळे वरून कितीही परवानग्या जोडल्या तरी उपयोग नसतो. मनाईचे नियम पुसून मग फक्त डब्ल्यूएसएलच्या पत्त्यांपुरती परवानगी द्यावी. विंडोज ११ वर डब्ल्यूएसएलजी (डब्ल्यूएसएलमधली खिडक्या दाखवण्याची तयार सोय) असेल, तर यातले काहीच लागत नाही. तिथे डिस्प्ले आपोआप भरला जातो आणि बॅशच्या फाइलीतल्या जुन्या ओळी तेवढ्या काढाव्या लागतात.

मराठी वापरणाऱ्यांसाठी फाँटविषयी एक गोष्ट सांगायला हवी. आलेखाच्या शीर्षकात देवनागरी लिहिली आणि चौकोन दिसले, की आपण विंडोजवर फाँट बसवू लागतो. आताचे बहुतेक प्रोग्राम अक्षरे स्वतःच रंगवून तयार चित्र सर्व्हरकडे पाठवतात, म्हणून देवनागरी फाँट दूरच्या लिनक्स यंत्रावर असावा लागतो. तिथे प्रशासकाचे हक्क नसतील, तर आपल्या होम फोल्डरात फाँटसाठी ठरलेल्या लपलेल्या फोल्डरात नोटो किंवा लोहित ठेवून फाँटची यादी नव्याने तयार केली, तरी पुरते. एक्सटर्म या टर्मिनलमध्ये (आदेश लिहिण्याच्या खिडकीत) मात्र फाँट असूनही जोडाक्षरे तुटतात, कारण ती जुळवण्याची सोय त्यात नाही. मराठी नावांच्या फाइली वाचायच्या असतील, तर जोडाक्षरे सांभाळणारा दुसरा टर्मिनल, उदाहरणार्थ कॉन्सोल, दूरच्या यंत्रावरून उघडावा.