शीट म्युझिक वाचन, महिना तिसरा: बेस क्लेफ एकदाचा वाचता यायला लागला

पियानोसाठी शीट म्युझिक, म्हणजे कागदावर लिहिलेलं पाश्चात्त्य संगीत, वाचायला शिकतेय, त्याला तीन महिने झाले म्हणून लिहितेय. मागच्या वेळी ट्रेबल क्लेफ (वरच्या पाच रेघा, उंच स्वरांच्या) जमतोय आणि बेस क्लेफ (खालच्या पाच रेघा, खालच्या स्वरांच्या) अजिबात नाही अशी अवस्था होती. आता बेस पण येतोय, सावकाश येतोय, पण येतोय. तो कशामुळे आला ते जरा सविस्तर लिहिते कारण दीड महिना मी चुकीच्याच पद्धतीने करत होते आणि नवीन शिकणारे बरेच जण तेच करत असणार.

काय करत होते, तर ट्रेबल आधी पाठ झालेला, त्यामुळे बेसमधली नोट दिसली की मनात आधी ट्रेबलचं नाव आणि मग दोन अक्षरं पुढे (नोटांची नावं ए ते जी अशी सात अक्षरं). सगळ्यात खालची रेघ ट्रेबलमध्ये ई, म्हणून बेसमध्ये जी. उत्तर दरवेळी बरोबर यायचं म्हणून वाटायचं की छान चाललंय, पण प्रत्येक नोटेला हा हिशोब करायचा आणि त्यात उजवा हात पण चालू ठेवायचा म्हटलं की तिसऱ्या बारला (दोन उभ्या रेघांमधला एक भाग म्हणजे बार) गाडी बंद.

मग एके दिवशी दोन्ही स्टाफ, म्हणजे पाच-पाच रेघांचे दोन्ही संच, कोऱ्या कागदावर काढले आणि फक्त सी कुठे कुठे येतात तेवढे भरले. मिडल सी मधोमध, एका छोट्या लेजर लाइनवर (स्टाफबाहेरच्या नोटेसाठी काढलेला रेघेचा तुकडा). ट्रेबलमधला पुढचा सी वरून दुसऱ्या जागेत, बेसमधला खालून दुसऱ्या जागेत. त्याच्या पुढचे दोन बघा, एक ट्रेबलच्या वर दुसऱ्या लेजर लाइनवर आणि एक बेसच्या खाली दुसऱ्या लेजर लाइनवर. आरशात बघितल्यासारखं! हे दिसलं तेव्हा मला खरंच खूप आनंद झाला, कारण तोपर्यंत मला हे दोन वेगळे स्टाफ वाटत होते आणि तो तर एकच आहे, मधली एक रेघ तेवढी गायब, मिडल सी लागला की तेवढा तुकडा काढतात. या पाच सी मध्ये ट्रेबलचा जी (क्लेफचं वेटोळं ज्या रेघेभोवती आहे ती) आणि बेसचा एफ (दोन टिंबांच्या मधली रेघ) हे दोन मिळवले की सात खुणा झाल्या. मी आता पाठ अशा या सातच ठेवल्यात, बाकीच्या नोटा जवळच्या खुणेपासून किती लांब आहेत ते बघून वाजवते.

आणि हे लांब किती ते बघणं, म्हणजे इंटरव्हल, हीच माझ्या मते खरी वाचनाची गोष्ट आहे. रेघेवरून लगतच्या जागेत गेलं की सेकंड, रेघेवरून पुढच्या रेघेवर थर्ड, मधली एक रेघ सोडली की फिफ्थ. थर्ड, फिफ्थ, सेव्हन्थ नेहमी रेघ ते रेघ नाहीतर जागा ते जागा, आणि सेकंड, फोर्थ, सिक्स्थ, ऑक्टेव्ह मात्र रेघ ते जागा. लहानपणी आपण क, म, ळ, कमळ असं जुळवत वाचायचो आणि नंतर कमळ एकदम दिसायला लागलं ना, अगदी तसंच होतंय, नोटेचं नाव मनात यायच्या आत बोट तिथे गेलेलं असतं.

आणखी एक सवय मोडावी लागली. एकच पीस पंधरा वेळा वाजवला की बोटांना पाठ होतो आणि आपण कागदाकडे नुसते बघत असतो, वाचत नसतो. त्यामुळे आता रोज दहा मिनिटं नवीन, खूप सोप्या चार-आठ बारच्या ओळी, प्रत्येक दोनदाच, मेट्रोनोम (ताल धरायला ठोके देणारं यंत्र) मिनिटाला 50 ठोक्यांवर, चुकलं तरी थांबायचं नाही आणि हाताकडे बघायचं नाही. हाताकडे न बघणं पहिला आठवडा फार जड गेलं, काळ्या पट्ट्यांचे दोन आणि तीनचे गट बोटांनी चाचपून जागा शोधायला लागले तेव्हा सुटलं.

रिदमचं विशेष काही नाही, टाळी वाजवत मोठ्याने मोजते, डॉटेड नोटा (पुढे टिंब असलेल्या, दीडपट लांबीच्या) अजून अडतात.

सध्या हातात जी मेजरमधला तो प्रसिद्ध मिन्युएट (नाचाची एक धून) आहे, 1725 च्या ॲना मॅग्डालेना बाखच्या वहीतला, जो लोक बरीच वर्षं तिच्या नवऱ्याचा, संगीतकार जे. एस. बाखचा समजत होते आणि खरा क्रिस्टियान पेट्झोल्डचा निघाला. 32 बार, थ्री-फोर म्हणजे दर बारला तीन ठोके. इंटरव्हल वाचायला शिकणाऱ्याला सुरुवात मस्त आहे: वरचा डी, तिथून फिफ्थ खाली जी, मग जी ए बी सी असं पायरी पायरीने वर आणि परत डी. चार-पाच नावं वाचायची गरजच नाही, एक उडी आणि एक जिना. उजवा हात 16 बारपर्यंत 60 ला बसलाय, दोन्ही हात मिळून आठच बार, ते पण 44 ला.

तिसऱ्या बारच्या शेवटी मात्र रोज चुकत होतं. तिथे एफ शार्प (एफच्या लगेच पुढची काळी पट्टी) आहे, पण शार्पची खूण फक्त ओळीच्या सुरुवातीला, क्लेफनंतरच्या ‘की सिग्नेचर’मध्ये, नोटेजवळ काहीच नाही, आणि जिना चढायच्या नादात बोट पांढऱ्या पट्टीवर जायचं. परवापासून वाजवायला बसायच्या आधी अख्ख्या पानावरचे सगळे एफ पेन्सिलने गोल करते, दोन्ही क्लेफमधले. काल पहिल्यांदा तो बार सलग तीन वेळा बरोबर आला.