पाच डझनांचे बारा पाच

आंब्याचा हंगाम ऐन भरात असताना देवगड तालुक्यातल्या एका मुलाने पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकणाऱ्यांच्या आमच्या गटात विचारले, "माझे उत्तर फार मोठे येते, त्यातले पहिले दोनच अंक कसे दाखवायचे?" सोबत मॉनिटरचा मोबाईलवर काढलेला तिरका फोटो होता.

मी पाहीपर्यंत तीन उत्तरे आली होती. एकाने आधी मूलभूत गोष्टी वाचायला सांगितले होते, दुसऱ्याने फोटो पाठवल्याबद्दल सुनावले होते आणि तिसऱ्याने मजकुरातली पहिली दोन अक्षरे वेगळी करण्याची रीत बिनचूक लिहिली होती. या तिन्हींत मला तिसरे उत्तर अधिक धोक्याचे वाटले, कारण विचारलेल्या प्रश्नापुरते ते अगदी बरोबर होते.

मी एवढेच विचारले, "उत्तर किती यायला हवे होते?"

"ताई, ६०. पेटीत पाच डझन आंबे आहेत."

पडद्यावर मात्र ओळीने बारा वेळा ५ उमटला होता. पायथन ३ मध्ये 'इनपुट' हे फंक्शन टाइप केलेले सारे काही मजकूर म्हणूनच देते, आणि मजकुराला १२ ने गुणले की पायथन कोणतीही चूक न दाखवता तो मजकूर बारा वेळा जोडतो. त्यातले पहिले दोन अंक घेतले असते तर ५५ दिसले असते, जे ६० च्या इतके जवळ आहे की एखाद्याने त्यावर विश्वास ठेवून पेट्यांचा हिशोब पुढे नेला असता. नवशिक्याच्या प्रश्नात बहुधा त्याने स्वतःच शोधलेला उपाय दडलेला असतो, आणि मूळ अडचण त्याच्या एक पायरी मागे राहिलेली असते. म्हणून उत्तर देण्यापूर्वी ती पायरी विचारून घ्यावी, असे माझे ठाम मत आहे.

त्याची चूक निष्काळजीपणाचीही नव्हती. तो एका जुन्या पुस्तकावरून शिकत होता. पायथन २ मध्ये हेच 'इनपुट' ५ टाइप केल्यावर खरोखर संख्या देत असे; २००८ मध्ये आलेल्या पायथन ३ ने ते बदलले, आणि १ जानेवारी २०२० पासून जुन्या आवृत्तीचा अधिकृत आधार थांबला तरी ती पुस्तके घरोघरी उरली आहेत. फोटोचे कारणही साधे होते: त्याच्या कॉम्प्युटरला इंटरनेट नव्हते, ते फक्त मोबाईलवर होते. हे ठाऊक नसताना त्याला सुनावणे मला अन्यायाचे वाटते.

दुरुस्त केलेली ओळ मी त्याला दिली नाही. 'टाइप' या फंक्शनने त्या चलाचा, म्हणजे टाइप केलेले ५ ज्या नावाने साठवले त्याचा, प्रकार छापून पाहा, एवढे सुचवले. "ताई, हा तर स्ट्रिंग आहे," म्हणजे मजकूर, असे त्याने थोड्या वेळाने कळवले, आणि मजकुराचा पूर्णांक करणारे 'इंट' वापरायचे हेही त्यानेच शोधून काढले. मग त्याने विचारले की गुणाकार चालतो, तर त्याच मजकुरात १२ मिळवल्यावर चूक का येते? मजकुराची पुनरावृत्ती करण्यात अर्थ लागतो, पण मजकूर आणि संख्या यांची बेरीज म्हणजे नेमके काय, हे पायथन स्वतःहून ठरवत नाही, असे मी सविस्तर लिहिले. हा प्रश्न त्याला पडला, याचा मला मनापासून आनंद झाला.

आठवडाभराने त्याने साडेचार डझनांची पेटी मोजायला घेतली आणि 'इंट' अडले. या वेळी त्याने टाइप केलेली संख्या, अपेक्षित उत्तर ५४ आणि चूक दाखवणारा संपूर्ण संदेश, हे तिन्ही पहिल्याच निरोपात लिहून पाठवले होते.