मातीच्या बरण्या

आज अमेरिकेत, अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरीला जाऊन आलो. लिंचिंगमध्ये, म्हणजे जमावाच्या हातून, मारल्या गेलेल्या कृष्णवर्णीयांचं स्मारक, २०१८ साली उघडलेलं. गंजक्या रंगाचे ८०० हून जास्त पोलादी खांब. सुरुवातीला डोळ्यांसमोर असतात, नावं सहज वाचता येतात. पुढे जमीन उतरत जाते आणि तेच खांब डोक्यावर टांगलेले. काहींवर नुसतं 'अननोन'.

पण मी अडकलो ते म्युझियममधल्या बरण्यांपाशी. जिथे माणसं मारली तिथली माती लोकांनी स्वतः जाऊन खणून आणलीय, वर नाव-तारीख. काळी, करडी, एक तर आमच्या कोकणासारखी तांबडी. लोणच्याच्या बरण्या आठवल्या आणि माझी मलाच लाज वाटली.

गाडीत बसताना बायको म्हणाली, "बुटाला माती लागलीय, झटक की." हातच पुढे होईना.