झोपेचं सोंग

कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, कॉन्फिग फाइलमध्ये एक ओळ वाढवली आणि आमच्या यंत्राची बॅटरी तीन दिवसांऐवजी पुन्हा दोन आठवडे टिकायला लागली. ऑफिसात हा विषय 'एका ओळीचं तर काम होतं' एवढ्यावर मिटला. ती ओळ सापडायला नऊ दिवस लागले आणि त्यातले चार दिवस मी एका निरपराध माणसाच्या मागे हात धुऊन लागलो होतो, हे मीटिंगमध्ये कुणी काढलं नाही. माझ्या डोक्यातून मात्र ते जात नाही, म्हणून लिहितोय.

यंत्र हातात धरून वापरायचं, मोजमापाचं. आत चार कोअरचा आर्म प्रोसेसर, 3000 मिलिअँपिअर-अवरची बॅटरी, वर लिनक्स. कर्नल 4.19 वरून 5.10 वर न्यायचा होता. अशा कामात दिवसभर कोड लिहायचा असतो असं बाहेरच्यांना वाटतं. खरं तर बराचसा वेळ 'कर्नलमध्ये अमुक भाग हवा का' अशा हजारो प्रश्नांना 'हो', 'नाही' किंवा 'मॉड्यूल' (म्हणजे वेगळा ठेवा, लागेल तेव्हा जोडू) अशी उत्तरं देण्यात जातो. ती उत्तरं एका लांबलचक फाइलमध्ये साठतात, तीच डॉट-कॉन्फिग. आवृत्ती बदलली की शेकडो नवे प्रश्न उगवतात. 'मेक ओल्डकॉन्फिग' दिलं तर ते प्रश्न एकेक करून विचारले जातात. 'मेक ओल्डडेफकॉन्फिग' दिलं तर कुणाला काही न विचारता प्रत्येक नव्या प्रश्नाला ठरलेलं मूळ उत्तर भरून काम उरकलं जातं. आमच्या बिल्ड स्क्रिप्टमध्ये हे दुसरं होतं. ती स्क्रिप्ट कुणी लिहिली होती ते पुढे येईलच.

नवा कर्नल पहिल्या फटक्यात बूट झाला. स्क्रीन, टच, वायफाय सगळं सुरळीत. बटण दाबलं की यंत्र झोपायचं, पुन्हा दाबलं की उठायचं. झोपवा-उठवाची चाचणी रात्रभर लावून ठेवली. सकाळी सस्पेंडच्या आकडेवारीत बाराशेच्या वर यशस्वी, फसलेले शून्य. मी खूश. पुढच्या आठवड्यात टेस्टिंगमधली सहकारी यंत्र घेऊनच टेबलापाशी आली. "अरे, शुक्रवारी संध्याकाळी फुल चार्ज करून झोपवून ठेवलं होतं. आज मेलं."

मोजलं. झोपेत जुना कर्नल 9 मिलिअँपिअर घ्यायचा, नवा 41.

इथे आमच्या यंत्राच्या झोपेबद्दल सांगायला हवं. झोपेचं सगळं काम कर्नल एकटा करत नाही. आर्ममध्ये कोअरची वीज खरोखर तोडायची तर कर्नलला खालच्या फर्मवेअरकडे, म्हणजे चिपसोबत येणाऱ्या मूळ प्रोग्रॅमकडे, अर्ज करावा लागतो, आणि त्या अर्जाच्या ठरलेल्या नमुन्याला पीएससीआय म्हणतात. त्याच्या 1.0 आवृत्तीत अख्खी यंत्रणा झोपवण्याची सोय ऐच्छिक आहे. आमच्या चिपवाल्यांनी 'ऐच्छिक'चा अर्थ स्वतःला सोयीचा लावला आणि ती दिलीच नाही. त्यामुळे आमच्याकडे मेम_स्लीप ही फाइल वाचली की तिच्यात एकच पर्याय दिसतो: एसटूआयडल. यात कर्नल आधी सगळे प्रोग्रॅम गोठवतो, मग उपकरणं निजवतो, आणि शेवटी प्रोसेसरला म्हणतो, आता तुला जमेल तितका खोल आराम कर. म्हणजे झोप किती गाढ, हे अखेर प्रोसेसरच्या आयडल अवस्थांवर, म्हणजे रिकामा असताना तो विश्रांतीच्या किती पायऱ्या उतरू शकतो यावर ठरतं. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. वेळेवर आठवलं नाही, एवढंच.

आठवला तो वायफाय. तीस-बत्तीस मिलिअँपिअर जास्त जातायत म्हटल्यावर कुणाच्याही डोक्यात आधी रेडिओच येतो, आणि नव्या कर्नलबरोबर वायफायचा ड्रायव्हरही, म्हणजे ती चिप चालवणारा कर्नलमधला कोडही, नवा आला होता. तो सांभाळणाऱ्या सहकाऱ्याला मी मेल टाकला. त्याने चिप झोपत असल्याचे लॉग पाठवले. मी लिहिलं, लॉग नको, मोजमाप हवं. त्याने मोजमाप पाठवलं. मी मोजण्याच्या पद्धतीवर शंका काढली, आणि यावेळी मॅनेजरला सीसीत घेतलं. तो मेल मी परवा पुन्हा वाचला. मला असा मेल कुणी पाठवला असता तर मी त्याच्याशी महिनाभर बोललो नसतो.

चौथ्या दिवशी वायफाय मॉड्यूलची वीजच तोडली, सोल्डर काढून. 41 चे 40 झाले.

मग रीतसर शोध. रेग्युलेटरचा गोषवारा काढला, कुठला व्होल्टेज विनाकारण चालू राहतोय का ते पाहिलं. क्लॉकचा गोषवारा काढला. कोण यंत्राला मधेच उठवतंय ते पाहायला वेकअप सोर्सची यादी तपासली. सगळं जुन्या कर्नलशी ओळीला ओळ जुळत होतं. पीएम_टेस्टही चालवली. यात झोपेची प्रक्रिया मुद्दाम अर्ध्यात थांबवून पाच सेकंदांनी परत फिरवतात, म्हणजे अडचण कुठल्या टप्प्यावर आहे ते कळतं. फ्रीझर पास, डिव्हायसेस पास, प्लॅटफॉर्म पास. मी तीन हिरव्या खुणा केल्या. या चाचणीत पुढे 'प्रोसेसर्स' आणि 'कोअर' असे टप्पे आहेत खरे, पण एसटूआयडलमध्ये गाडी प्लॅटफॉर्मनंतर थेट आयडलच्या फेऱ्यात शिरते, त्या टप्प्यांपर्यंत जातच नाही. म्हणजे जिथे दुखत होतं नेमकी तीच जागा सोडून मी सगळीकडे हात लावून पाहिला होता.

सोडवणूक आमच्या हार्डवेअरवाल्यांनी केली. निवृत्तीला आलेले गृहस्थ. लॉगवर त्यांचा विश्वास नाही, सॉफ्टवेअरवाल्यांवर त्याहून नाही. कोअरच्या वीजवाटेवर बोर्डात 10 मिलिओमचा एक चिमुकला रोध बसवलेला असतो. त्याच्या दोन टोकांना त्यांनी मीटरच्या सुया टेकवल्या आणि मला म्हणाले, "झोपव आता." मी झोपवलं. मीटरवर 1.1 मिलिव्होल्ट. म्हणजे कोअर 110 मिलिअँपिअर ओढतायत, एक व्होल्टवर. शेजारच्या जुन्या कर्नलच्या बोर्डावर तोच आकडा जवळजवळ शून्य. त्यांनी चष्मा वर केला.

"अरे, तुझा प्रोसेसर झोपलेला नाही. डोळे मिटून पडलाय."

इतकं अचूक निदान मी कुठल्याही डॉक्युमेंटेशनमध्ये वाचलेलं नाही. प्रोसेसरची सगळ्यात उथळ विश्रांती म्हणजे डब्ल्यूएफआय, पुढचा इंटरप्ट, म्हणजे कुठल्यातरी उपकरणाची हाक, येईपर्यंत थांबणं. घड्याळ थांबतं, वीज चालूच राहते, गळती चालूच राहते. त्याच्या खाली कोअरची वीज तोडणारी अवस्था, आणि त्याच्या खाली चारही कोअरच्या क्लस्टरची. आमच्या डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे कर्नलला हार्डवेअरचं वर्णन सांगणाऱ्या फाइलमध्ये, या दोन्ही व्यवस्थित लिहिलेल्या होत्या. मी जागेवर येऊन सिसएफएसमध्ये, म्हणजे कर्नल आपली स्थिती फाइलींच्या रूपात दाखवतो तिथे, पहिल्या कोअरची सीपीयूआयडल डिरेक्टरी उघडायला गेलो, तर ती अस्तित्वातच नव्हती. चालू ड्रायव्हरचं नाव सांगणाऱ्या फाइलमध्ये एकच शब्द: 'नन', म्हणजे कुणीच नाही.

कॉन्फिग फाइलमध्ये शोधलं. सीपीयू_आयडल, हो. एआरएम_सीपीयूआयडल, हो. बूट लॉगमध्ये तर ठसठशीत ओळ, फर्मवेअरमध्ये पीएससीआय 1.0 सापडलं म्हणून. तिन्ही गोष्टी खऱ्या आणि तिन्ही निरुपयोगी. कारण 4.19 मध्ये आर्मचा जो सर्वसाधारण आयडल ड्रायव्हर पीएससीआयचंही काम करायचा, त्याच्याकडून ते काम 5.4 मध्ये काढून घेतलं गेलं. 5.4 आलं नोव्हेंबर 2019 मध्ये. पीएससीआयसाठी स्वतंत्र ड्रायव्हर झाला आणि त्याला स्वतंत्र प्रश्न मिळाला: एआरएम_पीएससीआय_सीपीयूआयडल. नवा प्रश्न, म्हणून मूळ उत्तर 'नाही'. जुना ड्रायव्हर बूट होताना येतो, हे काम आता आपलं नाही असं पाहतो आणि गुपचूप निघून जातो. लॉगमध्ये एक अक्षरही टाकत नाही, कारण एखाद्या प्लॅटफॉर्मवर आयडलची सोय नसणं ही चूक धरलेली नाही. कर्नलसोबत येणाऱ्या 64 बिट आर्मच्या नमुना कॉन्फिगमध्ये कर्नलवाल्यांनी हा पर्याय चालू केलेला आहे. आमची कॉन्फिग त्या नमुन्यावरून येतच नव्हती. ती चार वर्षं जुनी, हाताने जपलेली, आणि ओल्डडेफकॉन्फिगमधून दरवेळी गाळून घेतलेली.

ओळ टाकली, बिल्ड केलं, बोर्डावर चढवलं. तीन अवस्था दिसल्या: डब्ल्यूएफआय, कोअरची झोप, क्लस्टरची झोप. प्रत्येकीपाशी 'युसेज' नावाचा एक मोजक असतो, ती अवस्था किती वेळा गाठली ते सांगणारा. मी तो पुन्हा पुन्हा वाचत बसलो होतो. 212. 340. 391. आणि झोपेत एकूण खर्च पुन्हा 9 मिलिअँपिअर.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. दोन दिवसांनी सेन्सरच्या माहितीत मधेच तुकडे गहाळ व्हायला लागले. आमचा सेन्सर सिरियल पोर्टवरून बोलतो, आणि नव्या कर्नलच्या निमित्ताने एकाने त्याचा वेग 115200 वरून 921600 केला होता. तीन आठवडे निर्वेध चाललं. का चाललं, ते आता कळलं: प्रोसेसर कधी झोपतच नव्हता. या वेगाने एक बाइट जवळपास 11 मायक्रोसेकंदांत येतो. पोर्टचा फिफो, म्हणजे आलेले बाइट उचलले जाईपर्यंत थांबतात ती रांग, 64 बाइटचा, अर्धा भरला की इंटरप्ट, म्हणजे हाताशी उरले 32 बाइट, साधारण 350 मायक्रोसेकंद. आणि क्लस्टरच्या झोपेतून बाहेर यायला डिव्हाइस ट्रीत लिहिलेला वेळ 700 मायक्रोसेकंद. प्रोसेसर उठून दारापर्यंत येतो तोवर पाहुणे परत गेलेले. ओव्हररनचा, म्हणजे जागा न उरल्याने वाया गेलेल्या बाइटांचा, आकडा प्रॉकमधल्या सिरियलच्या फाइलमध्ये बसल्या बसल्या वाढताना दिसत होता. जुन्या वेगाला हाच हिशेब अडीच मिलिसेकंदांच्या वर जातो, म्हणून तेव्हा कधी बोंब झाली नव्हती.

यावर औषध आहे. सीपीयू_डीएमए_लेटन्सी नावाची एक डिव्हाइस फाइल असते. ती उघडून तिच्यात 'इतक्या मायक्रोसेकंदांपेक्षा जास्त उशीर मला चालणार नाही' असा आकडा लिहायचा आणि फाइल उघडीच ठेवायची. बंद केली की मागणी संपली. ही रचना मला फार आवडते. प्रोग्रॅम कोसळला तरी त्याची मागणी मागे भुतासारखी राहत नाही. सेन्सर वाचताना आता आम्ही 200 लिहितो. मॅनेजरच्या नोंदीत मात्र हे 'पॉवर फिक्समुळे आलेला नवीन बग' असं लागलंय, आणि ते नाव बदलायला माझ्याकडे सोपं वाक्य नाही.

चूक कुणाची यावर जेवणाच्या सुट्टीत दोन तट पडले. नव्या पर्यायाचं मूळ उत्तर 'नाही' असावं हे मला तत्त्व म्हणून पटतं, नाहीतर प्रत्येकाच्या कर्नलमध्ये प्रत्येकाचा लाडका ड्रायव्हर घुसेल. पण हा पर्याय नवा नव्हता. जुन्याच कामाने नाव बदललं होतं. आधी 'हो' म्हटलेल्या माणसाला ते काम चालू ठेवायला दुसऱ्या नावाने पुन्हा 'हो' म्हणावं लागलं, आणि प्रश्न विचारलाय हे त्याला कळायची वाटच मी स्क्रिप्टमध्ये बंद करून ठेवली होती. हो, स्क्रिप्ट माझीच. त्या ओळीशेजारी माझीच टिप्पणी आहे: 'उगाच प्रश्न नकोत.'

आता ओल्डडेफकॉन्फिगच्या आधी नव्या प्रश्नांची नुसती यादी देणारं 'मेक लिस्टन्यूकॉन्फिग' चालतं, आणि यादी रिकामी नसेल तर बिल्ड थांबतं. परवा पुढच्या आवृत्तीसाठी ते चालवून पाहिलं. पानंच्या पानं. पहिल्या चाळीसेक नावांचं हेल्प मन लावून वाचलं. त्यानंतर डोळे नुसते ओळींवरून घसरत होते आणि बोट एंटरवर होतं.

वायफायवाल्याची माफी मागितली. जागेवर जाऊन, आणि मेलवरही, सीसीसकट. तो हसला. "ठीक आहे रे. पण तुझ्या त्या मेलनंतर मी लिसन इंटरव्हल 1 चा 10 केला होता. ते काढू का आता?" म्हणजे चिप आता दहातल्या एकाच बीकनला, राउटरच्या ठराविक वेळाने येणाऱ्या हाकेला, उठते, आणि बीकन साधारण 100 मिलिसेकंदांना एक. यंत्राकडे येणारा निरोप सेकंदभर ताटकळतो. काढ म्हटलं. त्याने टेस्टिंगला विचारलं. तिकडून उत्तर आलं की सध्याच्या आकड्यांवर सगळ्या चाचण्या पास झाल्यात, रिलीज तोंडावर आहे, आता हात लावू नका.

अजून 10 च आहे.